सर्व्हरवर सोलर बसवायचं म्हणजे नेमकं काय करायचं

सोलर म्हटलं की आपल्याकडे आधी गच्चीवरचं गरम पाणी डोळ्यासमोर येतं. मी घरी 'सर्व्हरवर सोलर बसवतोय' म्हणालो तर आईनं विचारलं किती लिटरचा. हा तो नव्हे. हा अपाची सोलर, म्हणजे फुकट मिळणारं सर्च इंजिन, जे तुम्ही स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर टाकता आणि मग तुमच्या साइटवरची 'शोधा' ही पेटी खरंच काहीतरी शोधायला लागते. गूगलसारखं अख्खं जग शोधत नाही, तुम्ही त्याला जे खायला घालाल तेवढंच शोधतं.

मला हे का लागलं ते आधी सांगतो. एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचा कॅटलॉग मी सांभाळतो, हौस म्हणून. पुस्तकं मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये, वर एक साधं पीएचपीचं पान, आणि शोधायची सोय म्हणजे डेटाबेसची ती 'लाइक' वाली क्वेरी, दोन्ही बाजूला टक्क्याची चिन्हं लावलेली (टक्का म्हणजे 'इथे काहीही असलं तरी चालेल'). आता या क्वेरीत गोची अशी आहे की सुरुवातीलाच टक्का असला की डेटाबेसला आपली नेहमीची अनुक्रमणिका वापरता येत नाही, मग तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकेक नाव वाचत बसतो, म्हणजे ग्रंथपालानं दर वेळी सगळी कपाटं उघडून एकेक पुस्तक हातात घेऊन बघावं तसं. शिवाय 'वर' शोधलं की 'वरण', 'सावरकर', 'सरोवर' सगळं येतं आणि कुठलं आधी दाखवायचं याची त्याला काही अक्कल नसते.

सर्च इंजिन उलट्या बाजूनं काम करतं. जाड संदर्भग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते ना, 'पाऊस : ३, ९, ४१' अशी, अगदी तेच. तुमचा सगळा मजकूर आधीच एकदा वाचून, शब्द सुटे करून, प्रत्येक शब्दापुढे तो कुठल्या कुठल्या नोंदीत आहे त्याची यादी लिहून ठेवलेली असते. शोधताना फक्त ती यादी उघडायची. जो शब्द सगळीकडेच आहे त्याला कमी मार्क, जो थोड्याच नोंदींत आहे त्याला जास्त, आणि त्या मार्कांवर निकालाचा क्रम. हा उलटा इंडेक्स बनवायचं काम प्रत्यक्षात ल्युसीन नावाची लायब्ररी (वाचनालय नव्हे, इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड) करते, जी डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिली, नाव बायकोच्या मधल्या नावावरून ठेवलं. (याच माणसानं पुढे मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीवरून आपल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं हडूप हे नाव ठेवलं, घरातल्या घरात नामकरण उरकायची हौस दिसते.) पण ल्युसीन नुसतं इंजिन आहे, गाडी नव्हे. ती गाडी, म्हणजे इंजिनाभोवती सर्व्हर, एचटीटीपीवरून बोलणं, सेटिंगच्या फाइली वगैरे, यॉनिक सीली यांनी सीनेट कंपनीत २००४ मध्ये बांधली आणि २००६ मध्ये ती अपाची या फुकट सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे सुपूर्द झाली, तेच सोलर. इलास्टिकसर्च या दुसऱ्या नावाजलेल्या सर्च इंजिनाच्या पोटातही हेच ल्युसीन आहे. कुठलं चांगलं या वादात मी पडत नाही, मला एका छोट्या सर्व्हरवर एक कॅटलॉग शोधायचा होता आणि सोलरच्या सेटिंगच्या फाइली मला वाचता येतात, एवढंच कारण.

आता बसवणं. कमांड जशाच्या तशा इथे देत नाही, त्या अधिकृत गाइडमध्ये नीट आहेत आणि तुम्ही तिथूनच कॉपी करणार आहात. मी सांगतोय ते त्या कमांड काय करतात आणि कुठे पाय घसरतो ते.

पहिली गोष्ट जावा. सोलर जावावर चालतं, सोलर ९ ला जावा ११ किंवा त्यापुढचा लागतो. उबंटू, डेबियनवर ओपनजेडीके या फुकट मिळणाऱ्या जावाचं 'हेडलेस' पॅकेज घ्या, हेडलेस म्हणजे खिडक्या-बटणं दाखवायचा भाग काढून टाकलेला, कारण सर्व्हरला स्क्रीन नसते, कशाला उगाच ओझं. टाकून झालं की टर्मिनलमध्ये जावाची आवृत्ती विचारून बघा. सर्व्हरवर आधीपासून कुणीतरी जुना जावा टाकून ठेवलेला असतो आणि तोच आधी उत्तर देतो, यात लोकांचा अर्धा दिवस जातो.

दुसरी गोष्ट, सोलर स्वतः. हे एपीटीतून, म्हणजे उबंटू-डेबियनच्या पॅकेज टाकायच्या नेहमीच्या सोयीतून, घ्यायच्या भानगडीत पडू नका, तिथे मिळालंच तर फार जुनं मिळतं. अपाचीच्या साइटवरून दाबलेली टार फाइल, म्हणजे पुष्कळ फाइलींचं एक गाठोडं, घ्यायची आणि सोबत दिलेला चेकसम जुळवून बघायचा. चेकसम म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा, एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तरी ठसा बदलतो. हे पाऊल सगळे गाळतात, मीही गाळायचो, मग एकदा डाउनलोड अर्धवट झालेली फाइल घेऊन तासभर डोकं फोडलं तेव्हापासून गाळत नाही.

त्या टार फाइलमधून आधी फक्त एकच फाइल बाहेर काढायची, इन्स्टॉलची स्क्रिप्ट. मग ती स्क्रिप्ट रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरच्या नावानं, चालवायची आणि तिला तीच आख्खी टार फाइल हातात द्यायची. पहिल्यांदा करताना हे विचित्र वाटतं, डब्यातून चमचा काढून त्याच चमच्यानं डबा रिकामा केल्यासारखं. पण ही स्क्रिप्ट जे करते ते समजून घेण्यासारखं आहे. ती 'सोलर' नावाचा एक वेगळा युजर तयार करते. प्रोग्रॅम ऑप्ट फोल्डरमध्ये ठेवते, डेटा आणि लॉग (काय घडलं त्याची नोंदवही) व्हारमधल्या सोलर फोल्डरमध्ये, आणि मेमरी, पोर्ट वगैरे सेटिंगची फाइल ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये. आणि सर्व्हर चालू झाला की सोलर आपोआप उठेल अशी नोंद करते.

हे तीन ठिकाणी वाटून ठेवणं उगाच नाही. घरात भाडेकरू ठेवला की त्याची खोली वेगळी, त्याचं कपाट वेगळं, आणि त्याच्या किल्लीनं आपली तिजोरी उघडत नाही, तसं. उद्या सोलरमध्ये काही भोक सापडलं आणि कुणी आत घुसलं तर तो सोलर नावाच्या युजरइतकाच अधिकार घेऊन घुसतो, रूटचा नाही. शिवाय नवी आवृत्ती आली की ऑप्टमधला प्रोग्रॅम बदलायचा, व्हारमधल्या डेटाला हात लागत नाही. ऑप्टमध्ये 'सोलर' नावाचं जे दिसतं तो खरा फोल्डर नसून आवृत्तीचा आकडा असलेल्या खऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक असते, अपग्रेडमध्ये फक्त ते बोट फिरवलं जातं.

इथे माझी पहिली फजिती. इन्स्टॉल झालं, आता पुस्तकांसाठी एक 'कोर' बनवायचा होता. कोर म्हणजे एक इंडेक्स आणि त्याचं सेटिंग, दोन्ही मिळून. मी रूट म्हणूनच बसलो होतो, तसाच कमांड दिला, सोलरनं सरळ नकार दिला की रूट म्हणून कोर बनवणं बरं नाही, आणि त्याच संदेशात 'फोर्स' नावाची पळवाट होती. आपल्याला पळवाट दिसली की राहवत नाही. फोर्स लावलं. फोल्डर तयार झाला, सेटिंगच्या फाइली आल्या, पण त्या सगळ्यांचा मालक रूट, आणि प्रत्यक्ष सोलर तर सोलर या युजरच्या नावानं चालतंय, त्याला स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही. ब्राउझरमध्ये लाल पट्टी आणि लॉगमध्ये शंभर ओळींचा जावाचा आक्रोश. जावाच्या चुका वाचताना वरच्या ओळींना घाबरू नका, खाली जिथे 'कॉज्ड बाय' असं येतं, त्यातलं शेवटचं बघायचं, मला तिथे साधं 'परवानगी नाही' एवढंच सापडलं. फोल्डरची लांबलचक यादी काढली तर मालकाच्या रकान्यात रूट, रूट, रूट. तो फोल्डर उडवला, सोलर युजरच्या नावानं तीच कमांड पुन्हा दिली, दोन सेकंदांत कोर तयार.

दुसरी फजिती मेमरीची, आणि ही जास्त महाग पडली. सोलर स्वतःहून जावासाठी ५१२ एमबीच घेतं. मला वाटलं जास्त दिली तर जास्त पळेल, सर्व्हर दोन जीबीचा, म्हणून ठेवली दीड जीबी. दुपारी झकास चाललं. रात्री मायएसक्यूएल मेलं. म्हणजे त्याची काहीच चूक नव्हती, मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, एखादा चालू प्रोग्रॅम मारून जागा करतो, आणि त्या रात्री पाळी डेटाबेसवर आली. सकाळी वाचनालयातून फोन, 'सर्च सुंदर झालाय पण पुस्तकंच दिसत नाहीयेत.'

यात समजून घ्यायची गोष्ट अशी की ल्युसीनचा इंडेक्स जावाच्या हीपमध्ये, म्हणजे आपण जावाला दिलेल्या मेमरीत, ठेवलेलाच नसतो. तो डिस्कवरच्या फाइलींत असतो, आणि त्या फाइली पटकन वाचता याव्यात म्हणून लिनक्स स्वतःच्या उरलेल्या मेमरीत त्यांची प्रत धरून ठेवतो. म्हणजे जावाला जितकी जास्त मेमरी द्याल तितकी लिनक्सकडे कमी उरते आणि सर्च उलट हळू होऊ शकतो. ५१२ वर परत आणलं, त्यावर आजतागायत सुरळीत चाललंय. मोठ्या साइटींना जास्त लागते हे खरं, पण आधी कमीवर चालवून बघा आणि लॉगमध्ये मेमरी कमी पडल्याची तक्रार आली तरच वाढवा.

एक किरकोळ सूचना सुरुवातीलाच दिसेल, उघड्या फाइलींची मर्यादा कमी आहे म्हणून. लिनक्सवर ती बहुतेक वेळा १०२४ असते, सोलरला ६५००० हवी असते कारण एकेक इंडेक्स पुष्कळ छोट्या फाइलींचा बनलेला असतो. सोलर युजरसाठी वाढवा आणि विसरून जा.

आता दार. सोलर ८९८३ या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या नंबरच्या दारावर, ऐकत असतं आणि त्याच पोर्टवर त्याचं ॲडमिनचं पान असतं, ज्यावरून कुणीही, हो कुणीही, तुमचा पूर्ण इंडेक्स पुसू शकतो, कारण मुळात पासवर्ड नसतो. जुन्या आवृत्त्या बाहेरच्या जगालाही उत्तर द्यायच्या, सोलर ९ पासून ते फक्त त्याच मशीनवरच्या हाकेला ओ देतं. मग लोक काय करतात, आपल्या लॅपटॉपवरून ॲडमिनचं पान दिसत नाही म्हणून ते सेटिंग बदलून सगळ्या जगाला उघडं करतात. नका करू. एसएसएचमधून, म्हणजे सर्व्हरवर दुरून सुरक्षितपणे शिरायच्या जोडणीतून, बोगदा काढायची सोय आहे, तुमच्या लॅपटॉपवरचं एक पोर्ट थेट सर्व्हरच्या आतल्या ८९८३ ला जोडलं जातं, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट उघडलं की पान समोर, आणि बाहेरून दार बंदच. साइटवर शोधणारे लोक सोलरशी कधीच थेट बोलत नाहीत, ते तुमच्या पीएचपीशी बोलतात आणि पीएचपी आतल्या आत सोलरला विचारतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीचं जे प्रकरण झालं, नुसत्या लॉगमध्ये विशिष्ट मजकूर पोचवला की मशीन ताब्यात, त्यात सोलर ८.११.० पर्यंतच्या बऱ्याच आवृत्त्या सापडल्या होत्या. तेव्हा ज्यांचं ८९८३ उघडं होतं त्यांची काय अवस्था झाली असेल.

कोर तयार झाल्यावर लगेच डेटा ओतायची घाई होते, तिथे अजून एक खड्डा आहे. मूळ सेटिंगमध्ये सोलर 'तुम्ही द्या, मी ओळखतो' अशा पद्धतीत असतं. पहिल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक १०४२ आला, त्यानं ठरवलं की हा रकाना आकड्यांचा. पुढे कुठेतरी १०४२-अ आला, कारण आमच्याकडे दुसऱ्या प्रतीला असाच नंबर देतात, की लगेच चूक, ती नोंद नाकारली. आणि एकदा रकान्याचा प्रकार ठरला की नुसता बदलून भागत नाही, सगळा डेटा नव्यानं ओतायला लागतो. म्हणून हे ओळखणं आधी बंद करा आणि स्कीमात, म्हणजे कुठला रकाना कुठल्या प्रकारचा त्या यादीत, स्वतः सांगा की दाखल क्रमांक म्हणजे जसंच्या तसं अक्षरांचं, पुस्तकाचं नाव म्हणजे तुकडे करून शोधायचा मजकूर, वर्ष म्हणजे आकडा. डेटा ओतला आणि तरी शून्य निकाल येत असतील तर घाबरू नका, 'कमिट', म्हणजे ओतलेलं पक्कं करणं, झाल्याशिवाय नवीन नोंदी शोधात येत नाहीत.

आणि इंडेक्स म्हणजे तुमचा मूळ डेटा नव्हे, हे डोक्यात पक्कं असू द्या. मूळ पुस्तकं मायएसक्यूएलमध्ये, इंडेक्स कधीही पुसून पुन्हा बनवता आला पाहिजे, त्यासाठीची स्क्रिप्ट लिहून ठेवा. अपग्रेडला ती लागणारच, कारण ल्युसीनची नवी मोठी आवृत्ती फक्त आधीच्या एका मोठ्या आवृत्तीत बनलेला इंडेक्स वाचते, त्याआधीचा नाही.

इथपर्यंत एक तास धरा, फजितींसकट एक दिवस. माझा खरा वेळ गेला तो मराठीत.

वाचनालयातल्या बाईंनी 'दुसऱ्या' असं टाकून शोधलं, महायुद्धावरची पुस्तकं हवी होती, तर निम्मीच आली. राहिलेल्या पुस्तकांची नावं स्क्रीनवर बघितली तर तिथेही अगदी हाच शब्द, डोळ्यांना काही फरक नाही. सोलरच्या ॲडमिन पानावर 'ॲनालिसिस' म्हणून एक भाग आहे, तिथे शब्द टाकला की तो कुठल्या पायरीवर कसा कापला जातो ते दाखवतं. तिथे कळलं. तो अर्धा र दोन पद्धतींनी लिहिता येतो, एकात खाली टिंब असलेल्या र ला हलन्त जोडतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं अक्षर, झिरो विड्थ जॉइनर. काही नोंदी जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या, काही मोबाइलवर टाइप केलेल्या, म्हणून दोन्ही प्रकार. माणसाला एकच शब्द, मशीनला दोन.

सोलरमध्ये हिंदी, बंगालीसाठी तयार ॲनालायझर, म्हणजे शब्द कापून-सारखे करून इंडेक्सला देणारी साखळी, आहेत, मराठीसाठी नाही. हिंदीचा उचलून वापरावा असं वाटतंच, आणि त्यातला अर्धा भाग खरंच कामाचा आहे. त्यात एक नॉर्मलायझर आहे, तो न दिसणारी अक्षरं काढतो, टिंबवाला र साधा करतो, हलन्तही काढतो, म्हणजे दोन्ही 'दुसऱ्या' एकाच साच्यात येतात. वर तो दीर्घाचं ऱ्हस्व करतो, त्यामुळे 'पूर्वी' कुणी 'पुर्वी' लिहिलं तरी सापडतं, शुद्धलेखनाच्या बाबतीत इतका उदार मास्तर मला शाळेत मिळाला नाही. मात्र तोच नॉर्मलायझर ॲ आणि ऑ च्या चंद्राची साधी मात्रा करतो, म्हणजे 'बॅट' आणि 'बेट' एक होतात. क्रिकेटची पुस्तकं शोधताना मधेच अंदमान येतं. हे मी चालवून घेतलं.

पण हिंदीचा स्टेमर, म्हणजे प्रत्यय कापणारा, तो मात्र काढून टाका. तो शेवटचा काना, वेलांटी, मात्रा बिनदिक्कत उडवतो, मग माळ, माळा आणि माळी तिन्ही 'माळ'. फुलबागेच्या पुस्तकाशेजारी पोटमाळ्याच्या सुतारकामाचं पुस्तक.

मग 'घर' शोधल्यावर 'घरात', 'घराला' कसं सापडायचं? एक उपाय, इंडेक्स बनवताना शब्दाचे सुरुवातीपासूनचे तुकडेही नोंदवायचे, घर, घरा, घरात असे, म्हणजे 'घर' टाकलं की 'घरात' सापडतं, पण 'घरात' टाकलं तर 'घर' सापडत नाही. म्हणून मी स्वतःच प्रत्ययांची एक छोटी यादी करून शेवटून कापायला लावली, शोधणाऱ्याचा शब्दही त्याच कात्रीतून. 'ात' कापायला सांगितल्यावर पहिल्याच दिवशी 'वरात' मधून नुसता 'वर' उरला, जे तसं बघितलं तर अगदीच चूक नाही, पण 'परात' चं काय करायचं. अशा शब्दांची 'यांना हात लावू नको' म्हणून वेगळी यादी ठेवता येते, ती वाढत चाललीये.

आणि सामान्यरूपाचं काय? पाऊस आणि पावसात, हे कुठल्याच कात्रीनं जमत नाही. कापून 'पावस' उरतं आणि मूळ शब्द 'पाऊस'. त्यासाठी समानार्थी शब्दांची फाइल असते, तिच्यात मी 'पावस' आणि 'पाऊस' एका ओळीत टाकले, दोन्हीला एकच समज म्हणून. पावसाच्या कविता, पावसाळी पर्यटन, मान्सूनचं भूगोलाचं पुस्तक, सगळं एका शोधात आलं, मी खूश.

आठवड्यानं एक आजोबा आले, रत्नागिरीजवळच्या पावसच्या स्वामींचं चरित्र मागत होते. बाईंनी त्यांच्यासमोर 'पावस' टाकलं. पहिली अकरा पुस्तकं पावसाची. ती ओळ अजून फाइलमध्ये आहे, काढू की ठेवू ठरत नाहीये.